ओलीमाचा मातीचा खजिना

समुद्रापलीकडून परत आल्यापासून कारंज्याच्या बाजारात लोक मला अडवून विचारतात, तिकडं काय पाहिलं? मी सांगतो, माती पाहिली. ते हसतात आणि वांगी पारखायला लागतात. टोपलीशी उभ्या उभ्या ही गोष्ट सांगता येत नाही, म्हणून सगळी लिहूनच काढतो.

आमचा मळा कारंज्याच्या वेशीबाहेर, विहिरीवर. वांगी, मेथी, मिरची, भोपळा लावायचा आणि बाजार भरायच्या आत टोपल्या उतरवायच्या, एवढंच माझं जग. माझी बायको पार्वती इंझोरीची, कास्तकाराची लेक. घरी मी तिला कधी नावानं हाक मारली नाही. इथं लिहितो, कारण या हकिकतीत तिचं नाव आल्याशिवाय चालणार नाही.

कापसाच्या हंगामात मुंबईचे एक शेटजी कारंज्याला उतरत. कापसाबरोबर त्यांचा काथ्याच्या दोरांचाही व्यापार होता. तो दोर ओलीमाहून येई. दूर दक्षिणेला भर समुद्रात असलेलं हे एवढंसं बेट, पण स्वतंत्र राज्य. त्याचा स्वतःचा सुलतान. त्या सुलतानानं शेटजींना निरोप धाडला होता की भाजीपाला लावणारं एक जोडपं पाठवा. पावसाळ्यात तिथला समुद्र बंद होतो, गलबतं येत नाहीत. हिरवं पान पोटात जात नाही, माणसांच्या हिरड्यांतून रक्त येतं, म्हातारीकोतारी आणि लेकरं दगावतात. जोडपंच हवं होतं, कारण तिथली शेती बायकांची. परक्या एकट्या पुरुषाला त्यात पाय टाकता येत नाही.

शेटजींची अट एकच होती. जाण्यायेण्याचा खर्च त्यांचा, मात्र आमच्या मळ्यातली काळी माती नेता येईल तेवढी पोत्यांत भरून न्यायची.

पार्वती दाराआडून ऐकत होती. तिनं तिथूनच विचारलं, "माती कायले न्यायची? तिथं माती नाही काय?"

"नाही," शेटजी म्हणाले.

आम्हाला वाटलं, चांगली माती नसेल. तसं नव्हतं.

मूर्तिजापूरचा फलाट

कारंज्याच्या छोट्या गाडीनं मूर्तिजापूर गाठलं आणि मोठ्या गाडीत सामान चढवायची वेळ आली. सामानाच्या बाबूनं पोत्यात काय आहे म्हणून विचारलं. माती, असं मी म्हणालो. त्यानं एक पोतं उसवलं, हात घातला, कोपरापर्यंत चाचपलं. दुसरं उसवलं. अफू निघेल, चांदी निघेल, अशी त्याला आशा असावी. शेवटी हात झटकून तो पार्वतीला म्हणाला, "बाई, यायले घरी घेऊन जा. ऊन लागलं दिसते."

फलाटावरची माणसं हसली. पार्वतीनं गोणसुई काढली आणि तिथंच बसून पोती पुन्हा शिवली. गाडी मात्र तोवर निघून गेली, आणि पुढच्या गाडीपर्यंत आम्ही आमच्याच मातीवर बसून राहिलो.

मुंबईपासून पुढचा प्रवास मी सांगण्यात अर्थ नाही. बहुतेक वेळ मी गलबताच्या कठड्यावर ओणवा होतो. गलबताचा कप्तान, ज्याला ते नाखुदा म्हणतात, हसन नावाचा ओलीमाचाच माणूस होता. मुंबईच्या गोदीत बरीच वर्षं काढल्यामुळं त्याला हिंदुस्तानी चांगली येई. बेटावर आमचं सगळं बोलणं त्याच्याच तोंडून झालं.

माणसं जमली ती पोत्यांभोवती

बेट दिसलं तेव्हा आधी जमीन दिसलीच नाही. नारळाची झाडं पाण्यात उभी आहेत असं वाटलं. जवळ गेल्यावर त्यांच्या मुळांशी एक पांढरी रेघ दिसली, तीच जमीन. पार्वतीनं भाकऱ्या थापायला घ्याव्यात आणि शेवटची भाकरी तव्यावरून उतरेपर्यंत मी बेटाच्या पलीकडच्या टोकाला जाऊन परत यावं, एवढंच ते राज्य. सगळीकडं पांढरी शुभ्र वाळू, ज्वारीच्या पिठासारखी. तळपायाला सुखाची, पण मुठीत धरली की बोटांतून निसटणारी. मी वाकून पाहिलं, उकरून पाहिलं. वाळूखाली वाळू, तिच्याखाली पोवळ्याचा खडक आणि मग पाणी. ढेकूळ म्हणून कुठं नाही.

धक्क्यावर गर्दी जमली होती. ती आमच्यासाठी असावी असं वाटून मी पागोटं नीट केलं. गर्दी पोत्यांभोवती गेली. एक म्हातारे अधिकारी पुढं आले. त्यांनी आधी हात धुतले, कोरडे केले, मग पोत्यातून चिमूट उचलून वास घेतला, बोटांवर चोळली आणि थोडी जिभेवर ठेवली. म्हाताऱ्यानं मान हलवून एक शब्द उच्चारला आणि लोकांमधून मोठा हुंकार निघाला. हसननं सांगितलं, तो शब्द म्हणजे 'गोडी'. मातीत मीठ नाही.

इतकी काळी माती त्यांनी पाहिलीच नव्हती. बाया एकेक पुढं येऊन तिला बोट लावून जात होत्या. आमच्याकडं पावसाळ्यात हीच माती वहाणांना चिकटली की आपण शिव्या देतो.

राज्य कशावर चालतं

ओलीमात देवानं दोनच गोष्टी दिल्या आहेत, नारळ आणि मासळी. नारळाची सोडणं, म्हणजे वरची काथ्याची सालं, खाडीच्या पाण्यात कुजत घालतात. मग बाया ती लाकडी दांडक्यानं कुटतात आणि मांडीवर वळून वळून दोर करतात. सकाळी बेटभर त्या कुटण्याचा आवाज असतो, आमच्याकडं मळणीच्या दिवसांत असतो तसा. पुरुष मासळी आणतात. ती उकडून, धुरावर धरून, वाळवून लाकडासारखी टणक करतात. दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर खट्ट वाजतात. दोर आणि ही मासळी बाहेर जाते, तांदूळ, कापड, लोखंड आत येतं.

पण राज्य उभं आहे ते एका कायद्यावर. बाहेरून परतणाऱ्या गलबतानं तोल सांभाळायला तळाशी दगड भरायचे नाहीत, माती भरायची. मलबारची लाल, अरबांच्या किनाऱ्याची पिवळी, ब्रह्मदेशची करडी. बंदराचा कर मातीत घेतात. लग्नात नवरा मुलगा बायकोला माती देतो आणि ती आईकडून लेकीकडं जाते. वाळूत खोल खड्डे खणून, तळाशी ओल लागली की त्यात ही माती घालतात. वर पाला, राख, माशांची हाडं. अशा खड्ड्यांत अळूसारखा एक कंद होतो आणि समुद्र बंद असताना तोच पोट भरतो. आजचा एकेक खड्डा भरायला किती पिढ्यांची गलबतं लागली असतील, ते कुणालाच सांगता येत नाही.

हसन आम्हाला वाड्याच्या उंच जोत्यावरचा सुलतानाचा खजिना दाखवायला घेऊन गेला. दारावर भालेवाला होता. मी मनात सोन्यामोत्यांची तयारी करून आत शिरलो. आत झावळ्यांच्या छपराखाली मातीचे ढीग होते. लाल, पिवळे, करडे, तपकिरी. प्रत्येकावर ओलं गोणपाट घातलेलं, वाऱ्यानं कण उडू नये म्हणून. एका बाईचं काम फक्त ती गोणपाटं ओली ठेवायचं. शेवटी आमच्या काळ्या मातीचा नवा ढीग लावला होता, सगळ्यांत लहान. पार्वतीनं देवळात शिरताना घ्यावा तसा डोक्यावर पदर घेतला. मीही वहाणा काढल्या. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

अमीनाबीचा खड्डा

आम्हाला पेरून दाखवायला जो खड्डा दिला तो धक्क्यामागं होता, अमीनाबी नावाच्या विधवेचा. उंच, सडसडीत, पन्नाशीची बाई. नवरा मासळीला गेला तो परतला नव्हता. हा खड्डा तिला आईकडून आलेला आणि तेवढीच तिची जमीन. सुलतानाच्या शब्दासाठी तिनं दिला, पण आनंदानं दिला नाही. खड्ड्याच्या कडेवर बसून ती आमच्या प्रत्येक हालचालीकडं पाहत राही. मी सवयीनं फावडं जोरानं मारलं तर ती खाली उतरली, माझ्या हातातून फावडं घेतलं आणि नारळाची करवंटी दिली. मग मीही करवंटीनंच खणलं.

आमची अर्धी काळी माती तिच्या मातीत मिसळली, अर्धी खजिन्यात राहिली. ती पुढं वाड्याशेजारी सुलतानाच्या स्वतःच्या बागेसाठी वापरायची होती. ती बाग मी उभी करायची आणि तिला आमच्या गावाचं नाव द्यायचं, असं आम्ही सुलतानाला भेटलो तेव्हा त्यानं ठरवलं होतं. खोटं कशाला सांगू, त्या नावाचा मला फार मोह होता.

पार्वतीची आणि अमीनाबीची भाषा एक नव्हती, तरी दोघींचं दिवसभर बोलणं चाले. पार्वती वऱ्हाडीत सांगे, ती तिच्या बोलीत उत्तर देई. पार्वतीनं मिरचीचा ठेचा चाखवला तर अमीनाबी डोळ्यांतलं पाणी पुसत पुन्हा हात पुढं करी. अमीनाबीनं नारळाच्या नीरेचा आटवलेला पाक दिला. तो आमच्या काकवीसारखाच, फक्त मागाहून जरा खारट. मासळीचा वास पार्वतीला पहिल्यांदा सोसेना, पुढं ती स्वतःच शेकोटीपाशी बसून धूर राखायला लागली.

मेथी वर आली तेव्हा बेटावरच्या बाया रांगेनं पाहायला आल्या. वांग्यांना फुलं धरली. समुद्र बंद व्हायला अजून अवकाश होता आणि मला वाटलं, काम झालं.

समुद्र चढला

त्या दुपारी आभाळ निरभ्र होतं आणि झाडाचं पान हलत नव्हतं. मी वांग्यांच्या बुडाशी पाला सारत होतो. एकाएकी मशिदीकडून नगारा वाजू लागला. वर येऊन पाहतो तर समुद्र उभा राहिल्यासारखा दिसत होता. लाट फुटत नव्हती, गर्जना नव्हती. पाणी नुसतं फुगून वर येत होतं. हसन धावत आला. कुठंतरी शेकडो कोस दूर वादळ झालं की त्याचा फुगवटा असा इथं येतो, खारं पाणी खड्ड्यांत शिरतं आणि माती मरते, असं त्यानं धापा टाकत सांगितलं.

मला वाटलं, लोक आता घरांतून भांडीकुंडी काढतील. कुणी घराकडं वळून पाहिलं नाही. बायापुरुष टोपल्या घेऊन खड्ड्यांकडं पळाले. कंद उपटून बाजूला फेकले आणि माती भरू लागले. भरलेल्या टोपल्या एका हातातून दुसऱ्या हातात जात मशिदीच्या उंच चौथऱ्यावर पोचत होत्या.

अमीनाबी खड्ड्यात उतरली. तिनं फुलावर आलेली वांगी दोन्ही हातांनी धरून मुळासकट उपटली. मी तिचा हात धरला. दोन महिन्यांची मेहनत होती, आणि सुलतानाला दाखवायला माझ्याकडं तेवढीच होती. मी ओरडून सांगत होतो की निदान एक ओळ ठेवा. तिला ते समजत नव्हतं, आणि समजलं असतं तरी तिनं ऐकलं नसतं.

पार्वती खाली उतरली. माझा हात तिनं बाजूला केला. "झाडं मंग लावता येतीन," ती म्हणाली. "बाईची माती चालली. भरा तुमी."

मग मी भरू लागलो. पार्वती टोपली डोक्यावर घेऊन कड चढायची, मी दुसरी भरायचो. खड्ड्याच्या तळाशी आता पाणी झिरपत होतं आणि जिभेला ओठांवरचं मीठ लागत होतं. एकदा टोपली घेऊन मीच वर चढलो आणि रांगेतल्या पुढच्या माणसाच्या हातात दिली. उघड्या अंगाचा, कमरेला लुंगी, दाढीत माती. त्यानं ती डोक्यावर घेतली आणि वळला, तेव्हा मला ओळख पटली. सुलतान होता. त्याच्या पुढं होते ते धक्क्यावरचे म्हातारे अधिकारी, त्यांच्या पुढं एक भिकारी, ज्याला मी रोज बंदरावर पाहत होतो.

बेटावरचं यच्चयावत माणूस त्या रांगेत होतं. कुणी रडत नव्हतं, कुणी कुणाला हुकूम देत नव्हतं. नगारा वाजत होता आणि जमीन डोक्यांवरून चालली होती. मी आयुष्यात पुष्कळ जत्रा पाहिल्या, पण असं काही पाहिलं नाही.

आमचा खड्डा धक्क्याजवळचा, म्हणून पाणी तिथं सगळ्यांत आधी शिरलं. अर्धी माती निघाली होती. उरलेली आमच्या डोळ्यांदेखत पाण्यात विरघळली, काळी लाट होऊन फिरली आणि समुद्र उतरला तेव्हा त्याच्याबरोबर गेली. अमीनाबी कडेवर उभी राहून पाहत होती. पार्वतीनं तिला धरलं होतं.

वाटणी

घरांची पडझड झाली होती, तांदूळ भिजले होते, त्याबद्दल कुणी फारसं बोलत नव्हतं. खड्डे अवकाळी पावसानं धुऊन गोडे झाल्यावर मातीची वाटणी झाली. मशिदीच्या चौथऱ्यावर सगळ्यांची माती एक झाली होती. मला वाटलं, आता भांडणं होणार. आमच्याकडं बांध वीतभर सरकला तर भाऊ भावाला कोर्टात खेचतो. इथं बाया चौथऱ्यावर बसल्या, मुठीत माती घेऊन चोळली, आणि ही तुझी, ही माझ्या मावशीची, असं सांगत टोपल्या भरू लागल्या. जिथं कळेना तिथं सारखी वाटली. आवाज चढला नाही.

अमीनाबीच्या वाट्याला आली ती माती तिच्या खड्ड्याचा तळही झाकणार नव्हती.

तेव्हा सुलतानानं मला बोलावलं. आता त्याच्या अंगावर झगा होता. हसनच्या तोंडून त्यानं सांगितलं की खजिन्यातली काळी माती अजून माझी आहे. या राज्यात परक्यानं आणलेली माती पेरली जाईपर्यंत त्याचीच असते, सुलतानालाही तिला हात लावता येत नाही. "बाग कुठं लावायची ते तू सांग," तो म्हणाला.

वाड्याशेजारची जागा समोरच दिसत होती. भिंतीच्या आडोशाला, चौथऱ्याच्या उंचीवर, समुद्राचं पाणी कधी न पोचणारी. तिथं वांगी लागली असती, मेथी लागली असती, आणि आमच्या गावाचं नाव दगडावर कोरलं गेलं असतं. मी पार्वतीकडं पाहिलं. सुलतानासमोर ती बोलणार नाही असं मला वाटलं होतं.

ती हळूच म्हणाली, "नाव कायले पाह्यजे? आपल्या मातीले कोण वयखत नाही? तिच्या खड्ड्यात टाका."

हसननं हे त्याच्या भाषेत सांगितलं. सुलतानानं ते ऐकून घेतलं. मग उठला, आत गेला आणि स्वतः एक टोपली घेऊन आला, वाड्यामागच्या त्याच्या आईच्या खड्ड्यातली. ती त्यानं आमच्या ढिगाशेजारी ठेवली. ही बातमी बेटभर पसरायला वेळ लागला नाही. दुपारपर्यंत बाया येत राहिल्या. कुणी टोपली, कुणी ओंजळ. एक अगदी वाकलेली म्हातारी पदराच्या गाठीत मूठभर घेऊन आली. अमीनाबीनं सगळ्यांची माती आपल्या हातानं घेतली आणि एकीचेही आभार मानले नाहीत. पुढच्या वेळी तीही देईल, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

आम्ही पुन्हा पेरलं. पहिली मेथी खुडली तेव्हा घरागणिक चिमूटभर पानं गेली. माशाच्या कालवणात टाकलेली ती कडू भाजी खाताना लोकांचे चेहरे पाहण्यासारखे होते. पण भांड्यांत पान उरलं नाही. पेरणीपासून बी धरण्यापर्यंत सगळं पार्वतीनं बायांना शिकवलं. वांगी पुन्हा उभी राहिली, आणि समुद्र बंद व्हायच्या आधी हसनचं गलबत आम्हाला न्यायला तयार झालं.

धक्क्यावर

निघायच्या सकाळी अमीनाबी धक्क्यावर आली. बरोबर पाट होता, पाण्याचा हंडा होता आणि तांब्याचं मोठं घंगाळ. तिनं आम्हा दोघांना पाटावर बसवलं आणि आमचे पाय घंगाळात घेऊन धुवायला सुरुवात केली.

पार्वती कावरीबावरी झाली. आमच्यात लेकीच्या लग्नात जावयाचे पाय धुतात. वयानं मोठ्या बाईनं आपले पाय धुवावेत, हे तिला सोसेना. "अवो, नाही म्हना त्यायले," ती मला म्हणाली. मलाही वाटलं, एवढ्या मोठ्या मानाला आपण पात्र नाही. अमीनाबी मात्र खाली मान घालून बोटांच्या बेचक्या धूत होती. नखांत अडकलेलं तिनं काडीनं काढलं. मग माझ्या वहाणा घेऊन घंगाळावर एकमेकींवर आपटल्या, पार्वतीच्या लुगड्याचा काठ पाण्यात बुचकळून पिळला. पाणी काळसर झालं होतं. तिनं घंगाळ उचललं, पार्वतीच्या गालाला ओला हात लावला आणि मागं न पाहता चालू लागली.

मी हसनकडं पाहिलं.

"इथून कुणी माती नेत नाही," तो म्हणाला. "सुलतानाचेही पाय धुतात."

गलबत सुटलं. धक्क्यामागच्या नारळींतून ती जाताना दिसत होती, एक थेंब सांडू नये म्हणून पाऊल जपून टाकत. मग ती खड्ड्यात उतरली आणि तिची पांढरी ओढणी तेवढी वर दिसत राहिली, वांग्यांच्या ओळीवरून एकेका झाडापाशी थांबत, हळूहळू पुढं सरकणारी.